ज्यांना जमेल त्यांनीच या

मंगळवारी दुपारी हवामान खात्याने कोड ऑरेंज जाहीर केला आणि मार्लूसने सगळ्यांना दोन ओळींचा निरोप पाठवला. उद्या भरपूर बर्फ आहे. ऑफिसला यायचं की घरून काम करायचं, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मार्लूस ही श्यामकांतरावांची मॅनेजर. डच माणूस 'तुमचं तुम्ही ठरवा' म्हणतो तेव्हा त्याला खरोखर तेवढंच म्हणायचं असतं, हे श्यामकांतरावांना इतक्या वर्षांत समजलं होतं, पण पचलं नव्हतं. मुळात ठरवायची त्यांना सवय नव्हती. जाड कोट की पातळ, छत्री की टोपी, सायकल की ट्राम, हे सगळं त्यांची बायको नीलांबरी ठरवायची आणि श्यामकांतराव त्यावर कुरकुर करायचे. कामाची वाटणी चोख होती. गेल्या मार्चमध्ये नीलांबरी गेली आणि ही दोन्ही खाती त्यांच्याकडेच आली. कुरकुरीचं खातं ते जुन्या अनुभवावर चालवत होते. ठरवण्याचं खातं मात्र रखडलं होतं.

या एका बाबतीत मात्र ठरवायचं काहीच नव्हतं. ते ऑफिसला जाणार होते. बर्फ पडो, गारा पडोत, ते जाणार होते. कारण खरी गोष्ट अशी होती, की त्यांना घरी बसवत नव्हतं.

नोव्हेंबरात एकदा प्लंबर येणार म्हणून त्यांनी घरून काम करून पाहिलं. प्लंबर आला, नळ दुरुस्त करून गेला. त्यानंतर घरात फ्रिजशिवाय कोणी आवाज करेना. फ्रिज घुरघुरायचा, थांबायचा, आणि तो थांबला की श्यामकांतरावांचं कामही थांबायचं. जेवणाआधीच त्यांनी लॅपटॉप पिशवीत कोंबला, घराजवळून, उइटहॉर्नहून, ट्राम पकडली आणि ऑफिसात जाऊन बसले. तेव्हापासून ते रोज जायचे. शुक्रवारीसुद्धा. शुक्रवारी नेदरलँड्समध्ये ऑफिसला जाणं म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या पाडव्याला जाणं. मजल्यावर ते आणि एक कुंडीतलं झाड, एवढीच हजेरी. वेळ जाईना म्हणून त्यांनी त्या झाडाला पाणी घालायला सुरुवात केली. झाडाला पाणी घालायला वेगळा माणूस नेमलेला होता, त्यामुळे झाड दोन्हीकडून पाणी पिऊन पिवळं पडलं. मग कुंडीवर चिठ्ठी लागली, 'कृपया पाणी घालू नये.' श्यामकांतराव ती चिठ्ठी येताजाता वाचायचे आणि असं कोण करत असेल, अशा अर्थाने मान हलवायचे.

हे गृहस्थ या वयात प्रमोशनच्या मागे लागलेत, अशी ऑफिसात समजूत झाली. श्यामकांतरावांनी ती राहू दिली. प्रमोशनचा हव्यास माणसाला शोभून जातो. फ्रिजला घाबरणं शोभत नाही.

तर बुधवारी जाण्यासाठी त्यांनी एक भारदस्त कारण शोधलं. बुधवारी त्यांच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. ते रिलीज जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून, अगदी बाथटबमधूनही करता आलं असतं, हा तपशील त्यांनी स्वतःपासून दूर ठेवला. टीममधल्या मराठी लोकांचा 'डबा' नावाचा एक ग्रुप होता. उद्या कोण काय आणणार हे ठरवायला काढलेला. ग्रुपमध्ये तिघंच. श्यामकांतराव, टिलबर्गहून येणारी समता, आणि डेल्फ्टला शिकून तिथेच राहिलेला रविराज. श्यामकांतरावांनी लिहिलं, 'मी उद्या येतोय. रिलीज आहे. ज्यांना जमेल त्यांनीच या.'

दोघांनीही अंगठा पाठवला. तुम्ही या, आम्ही घरी आहोत, असा त्या अंगठ्याचा अर्थ लावून श्यामकांतराव निर्धास्त झोपले.

सकाळी पडदा सरकवला तर गल्ली नाहीशी झाली होती. सायकली, कुंड्या, कचऱ्याचे डबे, सगळ्यांवर एकच पांढरी रजई. एवढ्यात पुण्याहून सुमतीअक्काचा व्हिडिओ कॉल आला. सुमतीअक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण.

"श्याम, टीव्हीवर तुमचा विमानतळ दाखवला. सगळी विमानं पांढरी!"

"ती एरवीही पांढरीच असतात, अक्का."

"विनोद नकोत. आज बाहेर पडायचं नाही."

"ऑफिस आहे."

"शाळांना सुट्टी दिलीय म्हणतात."

"मी शाळेत जात नाही."

"मग शाळेतल्या पोरासारखा हट्ट कशाला करतोस? कानात कापूस घातलास का? आणि हे बघ, दारातल्या बर्फावरून घसरशील. त्यावर गरम पाणी ओत, म्हणजे वितळेल."

सुमतीअक्काने आयुष्यात बर्फ पाहिला होता तो फ्रिजमध्ये आणि गोळ्याच्या गाडीवर. पण अक्काचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. उष्णतेने बर्फ वितळतो. श्यामकांतराव मेकॅनिकल इंजिनीअर होते, आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये त्यांना कॉलेजात दुसऱ्या क्रमांकाचे गुण होते. शिवाय इथे आपल्या दारासमोरचा बर्फ आपणच काढायचा, असा शेजारधर्म आहे आणि त्यांच्याकडे फावडं नव्हतं. त्यांनी न्हाणीघरातून गरम पाण्याची बादली आणली आणि तांब्या तांब्याने दारापासून फुटपाथपर्यंत सडा घातला. बर्फ भराभर विरघळला. काळ्या फरशा लख्ख निघाल्या. श्यामकांतरावांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसरी बादली आणली आणि शेजारच्या कॉरच्या दारापर्यंत सडा नेला. शेजारधर्म करायचा तर अर्धवट कशाला?

कॉर हा आयुष्यभर फुलांच्या लिलावात काम करून निवृत्त झालेला माणूस. तो कोपऱ्यावरून फावडं आणि बर्फावर टाकायच्या मिठाची पिशवी घेऊन आला, तोपर्यंत श्यामकांतराव आत जाऊन कोट, टोपी, मफलर, डबा, लॅपटॉप असे सगळे अलंकार घालून दारात उभे होते. कॉर फुटपाथवरच थांबला. फरशांवर आता पाणी गोठून काचेसारखा थर चकाकत होता. त्यात कॉरच्या घराचं प्रतिबिंब दिसत होतं, छपरासकट.

"शाम, काय केलंस?"

"गरम पाणी ओतलं."

कॉरने मिठाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "किती?"

"दोन बादल्या."

"माझ्याही दारात?"

"हो. म्हटलं तुझंही होऊन जाईल."

"आभारी आहे," कॉर म्हणाला. "आता हा मार्चपर्यंत राहील."

श्यामकांतरावांनी अपमान गिळून रुबाबात पाऊल टाकलं. ते पाऊल पुढे गेलं आणि श्यामकांतराव मागे राहिले. मग ते बसले. मग बसल्या बसल्याच, डबा पोटाशी धरून, कॉरच्या कुंपणापर्यंत गेले. आवाज असा झालाच नाही. फार शांतपणे गेले.

सगळे डच लोक स्केटिंगचे परीक्षक असतात. कॉर म्हणाला, "वाईट नाही. गुडघे अजून वाकव." मग त्याने फावड्याचा दांडा पुढे करून त्यांना उभं केलं. "घरी बस, शाम. तिथे जाऊन तू काय वाचवणार आहेस?"

"रिलीज आहे," श्यामकांतराव म्हणाले.

ट्रामच्या थांब्यावर पाटी सांगत होती की ट्राम चार मिनिटांत येईल. ती बराच वेळ तेच सांगत राहिली आणि मग पाटीवरून ट्रामच नाहीशी झाली. थांब्यावरच्या एका बाईने त्यांना सांगितलं की शेवटची बस आत्ताच गेली. दुसऱ्या एका बाईने सांगितलं की शेवटची बस यायचीच आहे. श्यामकांतराव दोघींचे आभार मानून चालू लागले. शेजारून एक मुलगी सायकलवरून गेली, एक हात हँडलवर आणि दुसऱ्या हातात केळं. श्यामकांतरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या नादात तिसऱ्यांदा बसले. दुसऱ्यांदा कुठे बसले होते हे सांगण्यासारखं नाही. तिथे शाळकरी मुलं होती आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे एक बस खरंच आली. ती कुठे जाणार हे न विचारताच ते चढले आणि सुदैवाने ती ऑफिसच्या गावी, ॲमस्टलव्हेनलाच निघाली होती.

ऑफिसच्या दाराशी त्यांनी कार्ड लावलं. लाल दिवा लागला. पुन्हा लावलं. पुन्हा लाल. मग भिंतीतून सुरक्षारक्षकाचा आवाज आला.

"टेबलाचं आरक्षण आहे का?"

"आहे. मी रोज बसतो तेच."

"बर्फामुळे आजची सगळी आरक्षणं रद्द आहेत. नवीन करा."

श्यामकांतरावांनी हातमोजा दातात धरून फोनवर नवीन आरक्षण केलं. ॲपने कळवलं की आज इमारत बंद असल्यामुळे आरक्षण करता येत नाही. काही अडचण असल्यास प्रत्यक्ष इमारतीतल्या मदत कक्षात यावं.

"मदत कक्षात यायला सांगतायत," श्यामकांतराव भिंतीला म्हणाले.

"मदत कक्ष आतमध्ये आहे," भिंत म्हणाली. "आणि आत यायला आरक्षण लागतं."

सरकारी कचेऱ्यांचा चांगला अनुभव गाठीशी असूनही श्यामकांतरावांना इतकं चोख उत्तर कधी मिळालं नव्हतं. ते नुसते उभे राहिले. टोपीवर बर्फ साठत गेला. शेवटी रक्षकालाच त्यांची दया आली असावी. दार उघडलं. "लॉबीत बसा. पण वर जायचं नाही. वरचं हीटिंग कमी केलंय."

लॉबीतल्या सोफ्यावर आधीच कोणीतरी बसलेलं होतं. दोन स्वेटर, त्यावर जॅकेट, डोक्यावर टोपी आणि टोपीवर जॅकेटची टोपी. तो रविराज होता.

"तू काय करतोयस इथे?"

"गुड मॉर्निंग सर," रविराज म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "पहाटे निघालो. लायडनपर्यंत ट्रेन मिळाली, मग एका ट्रकवाल्याने सोडलं."

"पण कशाला?"

"तुम्ही म्हणालात ना."

"मी म्हटलं, ज्यांना जमेल त्यांनीच!"

"हो ना सर," रविराज म्हणाला. "हिंजवडीला आमचे साहेब असंच म्हणायचे. ज्यांना जमेल त्यांनी शनिवारी या. आणि सोमवारी विचारायचे, तुला का जमलं नाही?"

श्यामकांतराव मटकन खाली बसले. पहिल्या तीन बसण्यांपेक्षा हे बसणं जास्त लागलं. कारण हिंजवडीला ते स्वतःही साहेब होते, आणि ते स्वतःही असंच म्हणायचे.

"समता?" त्यांनी हळूच विचारलं.

रविराजने फोन पुढे केला. समता ट्रेनमध्ये बसली होती आणि ट्रेन शेतात उभी होती. खिडकीबाहेर एक मेंढी तिच्याकडे बघत होती.

"सर, मला थोडा उशीर होईल," समता म्हणाली. "पुढे रुळांचे सांधे गोठलेत. पण रिलीजची काळजी करू नका, लॅपटॉप उघडलाय. फक्त नेट जातंय. आणि बाथरूम बंद आहे. पण ते काही नाही."

"अगं परत जा!"

"कशी जाऊ? गाडी मागेही जात नाहीये. तुम्ही पोचलात ना? मग झालं. तुमच्या वयाचा माणूस जातोय आणि आपण घरी बसायचं, बरं नाही दिसत, असं हेही म्हणाले." हे म्हणजे तिचा नवरा. तोही मूळचा आपल्याकडचाच, नांदेडचा, त्यामुळे त्याचाही असाच समज झाला होता.

श्यामकांतरावांना 'तुमच्या वयाचा' हे शब्द लागले, पण तक्रार करायची त्यांची पात्रता उरली नव्हती. एवढ्यात सकाळच्या मीटिंगची वेळ झाली. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला. रक्षक लांबून म्हणाला, "लॉबीत काम करता येणार नाही, विमा नाही." श्यामकांतराव म्हणाले, "हे काम नाही, मीटिंग आहे." हा फरक रक्षकाला पटला.

पडद्यावर मार्लूस आली. ती आपल्या स्वयंपाकघरात होती आणि तिच्या मांडीवर मांजर होतं. तिला एका चौकोनात टोपीवर बर्फ असलेले श्यामकांतराव आणि दोन टोप्यांतला रविराज दिसले, आणि दुसऱ्यात मेंढी.

"तुम्ही बाहेर काय करताय?" मार्लूसने इंग्रजीत विचारलं. "मी सांगितलं होतं, ज्याचं त्याने ठरवा."

"आम्ही ठरवलं," रविराज म्हणाला.

"कोणी ठरवलं?"

"सरांनी."

मार्लूसने मांजर खाली ठेवलं. डच बाई मांजर खाली ठेवते तेव्हा समोरच्याने सावरून बसावं. "शाम, तू कोड ऑरेंजमध्ये लोकांना बोलावलंस?"

"बोलावलं नाही. ज्यांना जमेल... आज रिलीज आहे."

"रिलीज सोमवारवर ढकललंय. काल दुपारीच मी तुला मेल केली. तू उत्तरही दिलंस, 'छान' असं."

श्यामकांतरावांना ते 'छान' आठवलं. पॅन्टचा मागचा भाग ओला होता. मोज्यांत पाणी होतं. एक माणूस ट्रकमधून आला होता आणि एक बाई शेतात अडकली होती. आणि सांगायला कारण उरलं नव्हतं. प्रमोशनचं नाव घ्यावं, असं क्षणभर वाटलं. पण शेजारी रविराजचे दात वाजत होते, आणि ते ऐकत खोटं बोलणं त्यांना जमेना.

"मला घरी बसवत नाही," ते म्हणाले.

"हीटिंग बिघडलंय का?"

"नाही. हीटिंग चालू आहे. तेवढंच चालू असतं."

मार्लूसने नजर मांजराकडे वळवली. मेंढीसुद्धा दुसरीकडे बघायला लागली. रविराजने आपली एक टोपी काढली आणि का काढली हे न कळून पुन्हा घातली.

"हे तू मला आधी सांगायला हवं होतंस," मार्लूस म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "मला वाटलं तुला प्रमोशन हवंय. हिवाळाभर मी त्यासाठी वर भांडतेय."

"अरे देवा," श्यामकांतराव मराठीत म्हणाले.

"ते नको आहे का?"

"आता भांडलीच आहेस," श्यामकांतराव म्हणाले, "तर आलं तर राहू दे."

लॉबी दुपारी बंद झाली. डेल्फ्टकडे गाड्या संध्याकाळपर्यंत नव्हत्या, म्हणून ते रविराजला घरी घेऊन आले. कॉरने दारासमोर वाळू टाकली होती, पण फक्त स्वतःच्या. श्यामकांतराव म्हणाले, "जपून, इथे जरा..." तेवढ्यात रविराज कॉरच्या कुंपणापर्यंत जाऊन पोचला होता. खिडकीतून कॉरने त्याचे गुडघे पाहिले आणि समाधानाने मान हलवली. समतेची गाडी अखेर उलटी फिरून तिला टिलबर्गलाच घेऊन गेली. दिवसभराच्या प्रवासात तिने एकूण एका मेंढीचं अंतर कापलं.

श्यामकांतरावांनी कुकर लावला. वरणभात झाला, लोणचं होतंच. रविराजने तीन वेळा भात घेतला आणि सॉफ्टवेअरबद्दल बोलत राहिला. जेवणानंतर ताट घासता घासता त्याने भीत भीत विचारलं, "सर, उद्याही कोड ऑरेंज आहे. तुम्ही उद्या जाणार?"

त्या पोराच्या चेहऱ्याकडे बघताना श्यामकांतरावांना कळून चुकलं की हा प्रश्न आता त्यांच्या एकट्याचा राहिलेला नाही. ते निघाले की डेल्फ्टहून एक आणि टिलबर्गहून एक माणूस निघणार. सूर्य निघाला की दिवस निघतो, तसं. सूर्याला निदान ट्रामची वाट तरी बघावी लागत नाही.

त्यांनी फोन काढला आणि 'डबा' ग्रुपवर लिहिलं, 'उद्या मी घरून काम करणार आहे. कोणीही यायचं नाही. जमत असेल तरी नाही.'

रविराजने शेजारी उभं राहूनच अंगठा पाठवला.

गुरुवारी सकाळी श्यामकांतराव इस्त्रीचा शर्ट घालून जेवणाच्या टेबलाशी बसले. बाहेर बर्फ, आत फ्रिज. मीटिंग लांबली. एका चुकीवरून मार्लूस आणि रविराजची जुंपली. घड्याळात अकरा वाजले तसे श्यामकांतरावांचे पाय आपोआप उठले. नीलांबरीची कामाची खोली वर होती, आणि करोनाच्या साथीच्या दिवसांपासून अकराचा चहा करणं हे घरातलं त्यांच्याकडे असलेलं एकमेव काम होतं. ते जिन्याच्या पायथ्याशी गेले आणि कठड्यावर हात ठेवून, नेहमीच्याच आवाजात, वर हाक मारली.

"चहा घेणार का गं?"

वरून काही आलं नाही. लॅपटॉपमधला वादही बंद पडला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की माईक चालू आहे. ते तिथेच उभे राहिले. टेबलापर्यंत परत कसं जायचं, हे त्यांना समजेना.

"घेते, सर," टेबलावरून समतेचा आवाज आला. "साखर कमी."

"मलाही," रविराज म्हणाला. "आलं असेल तर घाला."

"काय विचारलं त्याने?" मार्लूसने विचारलं.

"चहा कोणाला हवाय," समता म्हणाली.

"पण तो उइटहॉर्नला आहे."

"हो."

मार्लूसने विचार केला. "मला दूध नको," ती म्हणाली.

श्यामकांतरावांनी नाक पुसलं, स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यात चार कप पाणी ठेवलं आणि आलं किसलं. ऑर्डर घेतली आहे तर ती बिनचूकच व्हायला हवी, म्हणून मार्लूसचा आधी वेगळा गाळला. मीटिंग पुढे बराच वेळ चालली आणि ती संपेपर्यंत त्यांनी चारही कप संपवले. बिनदुधाचा सगळ्यात वाईट लागला.